हार्ट्सची बाजू धरायची तर: स्कॉटिश फुटबॉल पाहण्याची आणि त्यावर मत बनवण्याची रीत

एडिंबरा शहरात फुटबॉलची दोन घरं आहेत. पश्चिमेला गॉर्गी भागात हार्ट ऑफ मिडलोदियन, सगळ्यांच्या तोंडी हार्ट्स. ईशान्येला लीथच्या वाटेवर हिबर्नियन, म्हणजे हिब्स. हे टिपण हार्ट्सच्या बाजूनं लिहिलेलं आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. शिक्षणासाठी, नोकरीसाठी एडिंबऱ्यात आलेल्या किंवा पुण्या-कोल्हापुरात बसून स्कॉटिश लीग पाहणाऱ्या मराठी माणसाला ही मरून रंगाची बाजू नीट धरता यावी, आणि क्लबबद्दलचं त्याचं मत ऐकीव राहू नये, एवढ्यासाठी ते लिहिलं आहे.

इंग्लंडमधले मोठे क्लब टीव्हीच्या पैशावर चालतात. स्कॉटलंडमध्ये क्लब मुख्यतः दारातून आत येणाऱ्या माणसांवर चालतो. जेमतेम ५५ लाखांचा देश, पण लोकसंख्येच्या मानानं मैदानावर जाणाऱ्यांचं प्रमाण युरोपात सर्वांत वरचं. म्हणून इथं पाठीराख्याच्या मताला खरंच वजन आहे. मात्र ते कच्चं असेल तर क्लबचं नुकसानही तेवढंच होतं.

आधी गुणतक्ता वाचायला शिका

स्कॉटलंडच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, म्हणजे प्रीमियरशिपमध्ये, १२ संघ आहेत. प्रत्येक संघ उरलेल्या ११ जणांशी तीनदा खेळतो, म्हणजे ३३ सामने. मग तक्ता मधोमध कापला जातो. वरचे सहा आपसांत एकेकदा, खालचे सहा आपसांत एकेकदा. आणखी पाच सामने, एकूण ३८. गुण तसेच पुढे चालतात, पण कापल्यानंतर कुणालाही रेषा ओलांडता येत नाही. सातव्या संघानं सहाव्यापेक्षा जास्त गुण मिळवले तरी तो सातवाच. २०२४-२५ मध्ये हार्ट्सचं नेमकं हेच झालं: ५२ गुण घेऊन सातवे, आणि सेंट मिरन ५१ गुणांवर सहावे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की हार्ट्ससाठी हंगामाची पहिली अंतिम तारीख मे महिन्यात नसते, ती ३३ व्या सामन्याला असते. वहीत ११ प्रतिस्पर्ध्यांची नावं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर तीन चौकोन काढा. घरचा सामना असेल तिथं 'घ', बाहेरचा असेल तिथं 'बा'. कुठं 'घ' दोनदा येईल, कुठं 'बा'. ग्लासगोचे दोन बलाढ्य क्लब म्हणजे रेंजर्स आणि सेल्टिक. त्यांच्या आयब्रॉक्स आणि सेल्टिक पार्क या मैदानांवर पहिल्या ३३ मध्येच दोन-दोन वाऱ्या असतील, तर मार्चपर्यंत तक्त्यात थोडं खाली असणं हे अपयश नाही. उलट हे दोघे टाइनकॅसलवर, म्हणजे हार्ट्सच्या मैदानावर, दोनदा येऊन गेलेले असतील, तर वरचं स्थान फसवं असू शकतं. ही वही ज्याच्याकडे नाही, त्यानं फेब्रुवारीत मॅनेजरच्या हकालपट्टीची मागणी करू नये.

दुसरा आकडा, सामन्यामागे गुण. २०२१-२२ पासूनच्या चार हंगामांत तिसऱ्या क्रमांकाला अनुक्रमे ६१, ५७, ६८ आणि ५८ गुण लागले. ३८ नं भागलं की बहुतेकदा दीड ते १.६ च्या आसपास येतं, ६८ चा हंगाम अपवाद. म्हणजे दहा सामन्यांनंतर १५-१६ गुण असतील तर संघ तिसऱ्या जागेच्या शर्यतीत आहे. बारा गुण असतील तर सहाव्या-सातव्या जागेची मारामारी. पाच सामन्यांवरून हा हिशेब करू नका, वेळापत्रकाचा झुकाव एवढ्या थोड्या सामन्यांत निघत नाही.

बरोबरीचे गुण झाले तर कोण वर, हा नियम प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला वाचून ठेवा. हार्ट्सच्या माणसाला हे सांगावं लागू नये. २४ एप्रिल १९६५ ला किल्मार्नोकनं टाइनकॅसलवर २-० असा विजय मिळवला आणि गुण सारखे होऊनही विजेतेपद नेलं. तेव्हा गोल सरासरी धरत, म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. हार्ट्सचे ९० ला ४९, भागाकार १.८३७. किल्मार्नोकचे ६२ ला ३३, भागाकार १.८७९. पुढे नियम बदलून गोलांचा फरक धरू लागले. ३ मे १९८६ ला हार्ट्सना डंडीच्या डेन्स पार्कवर फक्त बरोबरी हवी होती. शेवटच्या काही मिनिटांत बदली खेळाडू अल्बर्ट किडनं दोन गोल केले, तिकडे सेल्टिकनं सेंट मिरनला ५-० हरवलं, आणि फरकावर विजेतेपद सेल्टिककडे गेलं: अधिक २९ विरुद्ध अधिक २६. आता उलटं करून पाहा. १९६५ ला फरक धरला असता तर हार्ट्स ४१, किल्मार्नोक २९. १९८६ ला सरासरी धरली असती तर हार्ट्स १.७८८, सेल्टिक १.७६३. दोन्ही वेळा दुसरा नियम असता तर विजेतेपद गॉर्गीत आलं असतं. म्हणूनच गॉर्गीत जुनी माणसं एप्रिल संपेपर्यंत विजयाचा शब्द काढत नाहीत.

या रचनेवर आमचं मत स्पष्ट आहे. तक्ता कापणं वाईट नाही, त्यामुळं मधल्या संघांच्या एप्रिलला अर्थ येतो. वाईट आहे ते तीनदा खेळणं. लीग वेळापत्रक आखते ते मागच्या कामगिरीवरून कोण वर राहील याचा अंदाज बांधून. अंदाज चुकला की एखाद्या संघाला एकाच मैदानावर तिसऱ्यांदा जावं लागतं. सोळा संघ आणि ३० सामने केले तर हा प्रश्नच उरत नाही. मग करत का नाहीत? कारण तसं केलं की सेल्टिक आणि रेंजर्स प्रत्येकाच्या घरी वर्षातून एकदाच येतील. लहान क्लबांच्या तिकीटविक्रीतला मोठा वाटा त्या दोन क्लबांच्या येण्याचा आहे, आणि टीव्हीवाल्यांनाही त्यांचे आपसांतले चार सामने हवे असतात. जे क्लब तक्रार करतात तेच मतदानाच्या वेळी गप्प बसतात. हे कारण माहीत असलं की 'लीग मोठी करा' ही मागणी पैशाच्या उत्तरासकट मांडता येते, नुसती ओरड राहत नाही.

पैसा कुठून येतो ते बघा

१९८५ ला अॅबरडीन जिंकलं, त्यानंतर २०२५ पर्यंतच्या ४० हंगामांत विजेता सेल्टिक नाहीतर रेंजर्स. सेल्टिक पार्कमध्ये ६० हजार माणसं बसतात, आयब्रॉक्समध्ये ५० हजारांवर. टाइनकॅसलमध्ये २० हजारांना थोडी कमी. दर पंधरा दिवसांनी हा फरक रोख रकमेत उतरतो. त्यामुळं हार्ट्सची तुलना ग्लासगोच्या दोघांशी करून मत बनवू नका. तुलना करायची ती अॅबरडीन, हिब्स आणि डंडी युनायटेडशी. त्यांच्या पुढं राहणं ही क्लबची किमान जबाबदारी, आणि ग्लासगोला गाठायचं असेल तर जास्त शहाणपणानं खरेदी करणं हा मार्ग.

जून २०१३ मध्ये सुमारे अडीच कोटी पौंडांच्या कर्जापोटी क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला, १५ गुण कापले गेले, आणि त्या हंगामात संघ खालच्या श्रेणीत उतरला. क्लब वाचला तो पाठीराख्यांच्या वर्गणीमुळं. फाउंडेशन ऑफ हार्ट्स ही संस्था महिन्याला वर्गणी गोळा करत राहिली, उद्योजिका अॅन बज यांनी २०१४ मध्ये मधल्या काळापुरती मालकी घेतली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये क्लबचे ७५.१ टक्के भाग (शेअर) फाउंडेशनच्या नावावर झाले. वर्गणीदार सुमारे आठ हजार, किमान वर्गणी महिन्याला १० पौंड. सगळ्यांनी किमानच भरली असं धरलं तरी वर्षाला ९ लाख ६० हजार पौंड होतात. हे पैसे परत मिळत नाहीत, लाभांश नाही. मिळतं ते मत, आणि प्रत्येकाला एकच मत, मग तुम्ही दहा भरा की शंभर.

वर्गणी भरायची असेल तर फाउंडेशनच्याच संकेतस्थळावरून सदस्य व्हा. सीझन तिकीट क्लबकडून, वर्गणी फाउंडेशनकडे, हे दोन वेगळे व्यवहार आहेत. नवे लोक इथं गोंधळतात: सीझन तिकीट घेतलं म्हणजे मतदानाचा हक्क आला असं समजतात. येत नाही.

जून २०२५ मध्ये इंग्लंडच्या ब्रायटन क्लबचे मालक टोनी ब्लूम यांनी ९८ लाख ६० हजार पौंड घालून २९ टक्के भाग घेतले, पण ते बिनमताचे. खेळाडू निवडण्यासाठी आकडेवारीची जी पद्धत हार्ट्स वापरतात, ती ब्लूम यांच्याशी जोडलेल्या जेम्सटाउन अॅनालिटिक्सची. यात आमचं म्हणणं एवढंच: पैसा बाहेरून आला तर हरकत नाही, मतं बाहेर जाता कामा नयेत. पुढे कधी भागांची रचना बदलायचा ठराव आला, तर आधी पाहा तो 'मताचा भाग' की 'बिनमताचा'. रक्कम नंतर पाहा.

हिशेब स्वतः वाचा, अवघड नाही. हार्ट ऑफ मिडलोदियन ही पब्लिक लिमिटेड कंपनी आहे. तिचं वर्ष ३० जूनला संपतं, त्यामुळं ताळेबंद डिसेंबरअखेर दाखल व्हावा लागतो. ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. सगळी पानं वाचायची गरज नाही. चार ओळी शोधा: एकूण उत्पन्न, पगारावरचा खर्च, खेळाडू विकून आलेला नफा, आणि देणग्या. पगार भागिले उत्पन्न केलं की पहिलं चित्र दिसतं. युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेच्या, स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांना संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलेलं आहे, तीच पट्टी लावा. हे दोन हिशेब अगदी एकसारखे नाहीत, पण पाठीराख्याच्या कामापुरती पट्टी पुरते. मग देणग्या वजा करून तोच भागाकार पुन्हा करा. दोन आकड्यांत फार अंतर असेल तर क्लब उपकारावर चालला आहे. एका वर्षाच्या तोट्यानं घाबरू नका, युरोपातल्या स्पर्धेचे पैसे एका वर्षी येतात आणि दुसऱ्या वर्षी येत नाहीत. तीन वर्षं ओळीनं तोटा आणि खेळाडू विकून काहीच नाही, असं दिसलं तर सर्वसाधारण सभेआधी फाउंडेशनमार्फत लेखी प्रश्न द्या. प्रश्नात आकडा आणि पानाचा क्रमांक घाला. नुसती भावना लिहिली तर नुसतं आश्वासन परत येतं.

टाइनकॅसलचा दिवस

हेमार्केट स्टेशनवर उतरा. तिथला घड्याळाचा मनोरा नुसता खुणेसाठी नाही. १९१४ मध्ये हार्ट्सचे खेळाडू मॅक्रे यांच्या पलटणीत, म्हणजे रॉयल स्कॉट्सच्या १६ व्या बटालियनमध्ये, भरती झाले. तेव्हा संघ लीगमध्ये आघाडीवर होता. महायुद्धातून सात खेळाडू परत आले नाहीत. १९२२ मध्ये उभारलेलं हे स्मारक त्यांचं. नोव्हेंबरातल्या स्मृतिरविवारी इथं क्लबची माणसं जमतात. त्या दिवशी एडिंबऱ्यात असाल तर सामना नसला तरी जा.

तिथून डॅल्री रोडनं गॉर्गीपर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटं. जवळ आल्याची खूण नाकाला कळते: स्टेडियमला लागूनच नॉर्थ ब्रिटिश डिस्टिलरी आहे आणि वाऱ्यावर उकडलेल्या धान्याचा, थोडा आंबूस, उबदार वास असतो.

तिकीट क्लबच्या संकेतस्थळावरूनच घ्या. भाव स्टँड आणि प्रतिस्पर्धी पाहून बदलतो. हिब्स, सेल्टिक आणि रेंजर्सचे सामने सीझन तिकीटवाल्यांतच जवळपास संपतात, म्हणून पहिला अनुभव घ्यायला सेंट मिरन किंवा मदरवेलविरुद्धचा साधा शनिवार निवडा. तिकीट फोनवर येतं. घरी असतानाच ते फोनमधल्या वॉलेट अॅपमध्ये उतरवून घ्या, दाराशी हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क ओढतात आणि ऐन वेळी पान उघडत नाही.

बसायचं कुठं? व्हीटफील्ड स्टँड लांबीच्या बाजूला, मेन स्टँडच्या समोर, आणि चढ खडा. वरच्या निम्म्यात मधोमध बसलात तर बचावफळी आणि मिडफिल्डमधलं अंतर स्पष्ट दिसतं. खेळ समजून घ्यायचा असेल तर हीच जागा. गोलामागच्या गॉर्गी स्टँडमध्ये गाणी जास्त. रोजबर्न स्टँडकडे पाहुण्यांना बसवतात, चुकून त्या बाजूचं तिकीट घेऊ नका. आणि घरच्या स्टँडमध्ये हिरवा रंग घालून येऊ नका, जॅकेटसुद्धा नको. हिब्सचा रंग हिरवा आहे.

स्कॉटलंडच्या फुटबॉल मैदानांत सामान्य प्रेक्षकाला दारू मिळत नाही. १९८० च्या स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यानंतर ग्लासगोच्या हॅम्पडेन मैदानावर दंगल झाली आणि त्याच वर्षी कायदा आला. पिऊन तर्र अवस्थेत आत शिरणं हाही गुन्हा आहे. फटाके, धुराच्या नळ्या जवळ बाळगणं गुन्हा आहे, दुसऱ्यानं 'जरा धर' म्हणून दिली तरी.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथंच आपल्या लोकांची पंचाईत होते. स्कॉच पाय म्हणजे हातात मावणारी गोल, कडक कवचाची पेटी. झाकण काठापेक्षा आत बसवलेलं असतं, त्यामुळं वर छोटी वाटी तयार होते आणि त्यात ब्राउन सॉस ओततात. आत मिरी लावलेला खिमा, परंपरेनं मटणाचा, पण बीफचाही असतो. गोमांस वर्ज्य असेल तर विचारूनच घ्या. पहिला घास काठाला घ्या. मधोमध चावलात तर आतली उकळती चरबी हनुवटीवरून थेट मफलरवर येते. शाकाहाऱ्यांनी मॅकरोनी पाय आहे का ते विचारावं. बोव्हरिल हे वाफाळतं तपकिरी पेय सूपसारखं दिसलं तरी तो बीफचा अर्क आहे. बाहेर गॉर्गी रोडवर चिप्स घेतल्या तर दुकानदार विचारतो, 'सॉल्ट अँड सॉस?' हा सॉस म्हणजे व्हिनेगर घालून पातळ केलेला ब्राउन सॉस, एडिंबऱ्याची खासियत. चिप्स कशात तळल्या ते आधी विचारा, काही ठिकाणी गाईची चरबी वापरतात.

डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तीनच्या सामन्याचा उत्तरार्ध पूर्ण अंधारात, दिव्यांखाली. थंडी खालून येते, काँक्रीटमधून तळव्यांना. दोन जोड लोकरीचे मोजे आणि एक नंबर मोठे बूट. घट्ट बुटात दोन मोजे घातले तर रक्त अडतं आणि पाय अधिकच गारठतात.

सामना पाहायचा कसा

पहिली दहा मिनिटं चेंडू सोडून द्या. आधी वारा कुठून येतो ते कोपऱ्यातल्या निशाणांवरून बघा. स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात गोलरक्षकाची लांब किक अर्ध्या मैदानातच लटकते आणि अर्धा सामना तिथंच ठरतो. मग 'दुसरा चेंडू' मोजा: डोक्यानं उडालेला चेंडू खाली पडतो तेव्हा पहिला कोण पोचतो. वहीत दोन रकाने, पंधरा-पंधरा मिनिटांचे गट, आणि नुसत्या उभ्या रेघा. हार्ट्सच्या रेघा सातत्यानं कमी असतील, तर मिडफिल्डर दमलाय किंवा दोन फळ्यांमधलं अंतर वाढलंय. कारण कोणतं ते दुसऱ्या अर्ध्यात नुसत्या नजरेनं कळतं. लोक मात्र गोल हुकवणाऱ्या पुढच्या खेळाडूला शिव्या देत घरी जातात.

दुसरी नोंद कॉर्नर आणि फ्री किकची. लीगमध्ये सारखे तेच संघ भेटतात, त्यामुळं तिसऱ्या भेटीत मोकळ्या खेळातल्या चाली दोघांनाही पाठ असतात आणि निकाल थांबलेल्या चेंडूवर लागतो. कॉर्नरच्या वेळी जवळच्या खांबापाशी कोण उभं आहे आणि पेनल्टी क्षेत्राच्या कडेला कोण मोकळं राहतंय, एवढंच टिपा. तीच चूक दोन सामन्यांत दिसली तर ती प्रशिक्षणातली, एकदाच दिसली तर त्या खेळाडूची. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांचा निर्णय तपासणं, ऑक्टोबर २०२२ पासून आहे. गोल झाल्यावर मध्यरेषेवरून खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत तो नक्की धरू नका.

मॅनेजरबद्दल मत द्यायचं तर किमान दहा लीग सामने, त्यातले सेल्टिक-रेंजर्सविरुद्धचे वेगळे काढून. त्या दोघांविरुद्ध संघ मागं बसून खेळतो, इतरांविरुद्ध पुढं येऊन, त्यामुळं दोन्हींची सरासरी काढली की कशाचंच चित्र मिळत नाही. ग्लासगोत हरणं सहन होण्यासारखं आहे. तळाच्या संघाविरुद्ध घरच्या मैदानावर लागोपाठ तीनदा बरोबरी झाली, तर ती मात्र गंभीर गोष्ट आहे, आणि तक्रार तेव्हा जोरात करावी.

भारतातून पाहताना

ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉलचं थेट प्रक्षेपण बंद असतं, परदेशात ही अडचण नाही. क्लबच्या वाहिनीची परदेशी वर्गणी घेता येते, पण हक्क देशानुसार बदलतात. पैसे भरण्याआधी लीगचे सामने भारतात दिसतात का, आणि चषकाचे त्यात धरलेत का, हे दोन्ही तपासा.

वेळेत लोक हमखास चुकतात. हिवाळ्यात तीनचा सामना आपल्याकडे रात्री ८.३० ला, उन्हाळी वेळेत ७.३० ला. साडेबाराचा सामना संध्याकाळी ६ किंवा ५ ला. आठवड्यातला पावणेआठचा सामना मध्यरात्रीनंतर सव्वा किंवा सव्वाबाराला, म्हणजे आपली तारीख एक दिवस पुढची. गजर लावताना तारीखही बदला. तिकडची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे बदलतात. त्या दिवशीच सामना असेल तर आदल्या शनिवारचा हिशेब चालणार नाही.